डावीकडं कडक, उजवीकडं मऊ

भाऊजी, तुमच्या तेरवीचे पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानरावांची ती बुटकी लाल गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. शटर बंद होतं. त्यांनी हॉर्न वाजवला नाही, ते बरं केलं. आधी एक पाय बाहेर काढला, मग दाराला धरून बाकीचं अंग ओढून काढलं. त्यावर तुम्ही दर वेळी म्हणायचे, "आलं बाई वासरू बाहेर." या वेळी कोणी काही म्हटलं नाही. ते पण क्षणभर दारापाशी थांबले. वाट पाहत असतील.

"काकू," ते म्हणाले, "दुकान चालू ठेवणार का न्हाई, तेवढं सांगा. टायर मला कुठं भी भेटतेत. पण तुमाला विचारल्याबिगर दुसरीकडं जाणार न्हाई."

मी म्हटलं, "चहा घ्या."

दिगू तेरवीच्या रात्रीच सांगून गेला होता, "आई, काकाशिवाय तुला हे दुकान झेपणार न्हाई. जागा भाड्यानं दे, पुण्याला चल." पोरगं माझंच आहे, पण वाढवलं तुम्ही, त्यामुळं बोलतं तुमच्यासारखं. एकदा बोलून गप बसतं आणि समोरचा हो म्हणेल म्हणून वाट पाहतं. मी त्यालाही चहाच दिला होता.

तुम्ही कसे होता हे मी लिहिणार नाही. वारंगा फाट्यावर ज्याच्या गाडीला चाकं आहेत त्याला ते ठाऊक आहे. तेरवीला लोकांनी फार चांगलं चांगलं सांगितलं. तुमचा स्वभाव शांत होता म्हणे. मी आत भाकरी थापत होते म्हणून बोलले नाही. शांत माणूस एका टायरवरून होळीपासून वैशाखापर्यंत भांडत नाही.

भगवानराव पहिल्यांदा ती गाडी घेऊन आले तो दिवस आठवतो का? वसमतच्या मोंढ्यात हळदीची अडत. सगळी उमर स्कूटरवर गेली, आणि पोरीचं लग्न झाल्यावर या माणसानं पुण्याहून कोणाची तरी वापरलेली, पळणारी, जमिनीला टेकलेली गाडी आणली. बायकोला श्रावणात औंढ्याला नागनाथाला त्याच गाडीतून नेलं, तर ती माऊली गुडघे हनुवटीला लावून बसली होती. तुम्ही विचारलं, "भगवानराव, हिच्यात हळदीचं पोतं कुठं ठेवता?" ते म्हणाले, "हिच्यात पोतं ठेवायचं नसते काका. हिच्यात आपण बसायचं असते." आपण दोघं हसलो. ते हसले नाहीत. पन्नाशी उलटलेला माणूस कशाला तरी पहिल्यांदा आपलं म्हणत होता, हे मला नंतर समजलं.

त्यांना टायर पाहिजे होते. साधे नाहीत. "गाडी रोडला चिटकून चालली पाह्यजे," म्हणाले. मोबाईलवर कुठले कुठले गोरे लोक मोकळ्या मैदानात गाड्या गरगर फिरवत होते, ते दाखवलं. समर टायर म्हणतात त्याला. बाहेरच्या मुलखात बर्फातला टायर वेगळा आणि बिनबर्फाचा वेगळा. आपल्याकडं बर्फ गोळ्यावाल्याच्या गाड्यावरच, म्हणून आपल्याला हा बारा महिन्यांचा टायर. पाऊसपाणी, ऊन, सगळं त्यानंच काढायचं.

नांदेडच्या व्यापाऱ्यानं दोन कंपन्यांचे दोन दोन पाठवले. एकाची नक्षी बाणासारखी, रबर मऊ, नख दाबलं की वळ उठायचा. दुसऱ्यावर सरळ रेघा, खांदा जाड, नख दाबलं तर नखच दुखायचं. मला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, पण आकडे लागतात. बाजूवर झिजेचा आकडा असतो. लहान आकडा म्हणजे मऊ, लवकर झिजणार. मोठा म्हणजे कडक, टिकणार. तुम्ही दोन्ही हातांनी दोन्ही टायर धरले, वास घेतला, आणि म्हणाले, "कडक."

मी म्हटलं, "मऊ."

तिथून सुरू झालं.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. आपल्याकडच्या उन्हात डांबर पाघळते, त्याच्यावर मऊ रबर गुळासारखं खरडून निघते. रोडच्या कडेला गिट्टी, फोरलेन सोडून गावात वळलं की खड्डे, मऊ टायरची बाजू नरम, खड्ड्यात रिम बसली की फुगा आलाच. गिऱ्हाईक वर्षाच्या आत टक्कल झालेला टायर घेऊन दुकानात येणार आणि चारचौघात तोंड वाजवणार. "टायर टिकला पाह्यजे, वहिनी. बाकी सगळं ब्रेकचं काम हाय."

माझं म्हणणं एकच होतं. मी मेंढरामागं वाढले. मेंढरू एकदा रोडवर उतरलं की मागं फिरत नाही, आणि एकामागं सगळा कळप उतरतो. ट्रक येऊ द्या, एसटी येऊ द्या, मेंढरू पाहत नाही. थांबायचं ते गाडीनंच. भगवानरावांची गाडी ट्रकासारखी ओझ्यानं चालत नाही, ती डोळे मिटायच्या आत येते. अशा गाडीला टिकणारा टायर देऊन काय करायचं? धरणारा पाहिजे. पावसाळ्यात तर जास्त.

"मेंढरं आता राहिली किती," तुम्ही म्हणाले.

"एक असलं तरी त्याला कळते का, आपण एकटंच हाव म्हणून?"

तुम्ही हवेचं गेज उचललं आणि उगीच पुसत बसले. भांडण हरायला लागलं की तुम्ही गेज पुसायचे.

मग पुढची अक्कल तुमचीच. भगवानराव दोघांकडं पाहून कंटाळले होते. तुम्ही म्हणाले, "आमचे बाप नवा बैल कसा पारखायचे? पाठीवर हात फिरवून न्हाई. जुन्यासंगं जुपायचा आन पाहायचा, कोण वढते. जुपून पाहू." आणि डावीकडं पुढं मागं दोन कडक, उजवीकडं पुढं मागं दोन मऊ, असे चढवायला सांगितले.

शेजारच्या गॅरेजचा रफिक पाना हातात धरून उभाच राहिला. "चाचा, ऐसा नहीं करते. एका धुऱ्यावर दोन जातीचे टायर? तुमीच तर सगळ्याला मना करता."

खरंच होतं ते. रोज येणाऱ्या जाणाऱ्याला आपण सांगायचो, एका धुऱ्याला डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना एकाच जातीचे टायर पाहिजेत, नाहीतर गाडी ओढ घेते. आणि आपणच तसं केलं. बैल पारखायची अक्कल टायरला लावली. तुमचं सोडा, मी पण अडवलं नाही. मला वाटलं, बरं झालं, दूध का दूध होईल. दोघांना एकाच वेळी जिंकायचं होतं, त्यात गाडीचा विचार कोणी करायचा?

फोरलेन झाल्यावर जुन्या रोडचा जो तुकडा सुटून पडला आहे, तिथं गेलो. पुढं तुम्ही आणि भगवानराव, मागच्या सीटवर मी पदर खोचून, घडी केल्यासारखी. रोडच्या उजव्या अंगाला लोकांनी शिजवलेली हळद वाळू घातली होती, डावी बाजू मोकळी. तुम्ही म्हणाले, "पळवा, आन मी म्हणलो की दाबा." त्यांनी पळवली. माझा कान बंद झाला. तुम्ही म्हणाले, "दाबा," आणि त्यांनी ब्रेक दाबला, तर उजव्या चाकांनी जागच्या जागी धरलं आणि डावी चाकं पुढं सरकतच राहिली. गाडीनं उजवीकडं तोंड फिरवलं आणि सरळ हळदीत शिरून उभी राहिली.

काचेवर, बॉनेटवर पिवळी धूळ बसत होती, बिरोबाच्या जत्रेत भंडारा उधळावा तशी. भगवानराव आधी उतरले. मला वाटलं, गाडी पाहतील. त्यांनी चाकाखालची हळदीची एक कांडी उचलली, मोडून पाहिली, नाकाला लावली आणि म्हणाले, "माल चांगला हाय. कोणाचा हाय हो?"

मी मागं बसून हसत होते. तुम्ही वळून पाहिलं आणि तुम्हाला पण हसू आलं. किती दिवसांनी आपण दोघं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलो असू.

दुकानात येईपर्यंत ते हसू संपलं. मी म्हटलं, "पाह्यलं? उजव्यानं धरलं."

तुम्ही म्हणाले, "उजव्यानंच घात केला. जोडीदाराच्या आधी धावणारा बैल भी खोडीलच असते, वहिनी."

"धावला न्हाई, थांबला. डावा थांबला न्हाई, त्याची खोडी."

"डावा आपल्या चालीनं थांबत होता. ह्याला घाई."

म्हणजे एक जण धरतो आणि दुसरा सरकत राहतो, तर चूक कोणाची? हाच वाद. रफिकनं जुने टायर परत चढवून दिले, भगवानराव म्हणाले पाऊस लागायच्या आत ठरवा, आणि ते चारही टायर, दोन तुमचे, दोन माझे, भिंतीवर खुंटीला टांगले गेले. चहाला तोच वाद, दुपारी भाकरीला तोच वाद. माझ्या लक्षात येत होतं की आपण दुसऱ्या कशावर बोलतच नाही. पण आपण कधी बोललो होतो?

आता लिहितेच. ऐकणारे बहुतेक गेलेत.

तुमचे भाऊ शेतात साप चावून गेले तेव्हा दिगू पाळण्यात होता. वर्ष झाल्यावर चार शहाणी माणसं आपल्या अंगणात लिंबाखाली बसली. आपल्यात विधवेचा दिराशी पाट लावतात, त्यात नवल काही नव्हतं. मला दारात बोलावून विचारलं, "काय म्हणती बाई?" मी म्हटलं, "त्यांना इचारा." तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणाले, "वहिनीला इचारा." त्यांनी चहा घेतला, धोतरं झटकली आणि उठून गेले. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

मी वाट पाहिली. किती, ते सांगणार नाही. तुम्ही फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं, मला आणि लेकराला मागच्या खोलीत आणलं, आणि स्वतः टायरांमध्ये बाज टाकून झोपले. तुमचं लग्न कोणी काढलं की तुम्ही म्हणायचे, दुकान आहे. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. बोलण्यासारखं काही नव्हतं, याचंच मला कधी कधी वाईट वाटायचं. तुम्ही मला वहिनी म्हणत राहिले, मी तुम्हाला भाऊजी. चहा एका पातेल्यात व्हायचा, कप दोन. सगळी जिंदगी तशी गेली आणि वाईट गेली असं मी म्हणणार नाही. लेकरू शिकलं. रात्री शटरच्या पलीकडं कोणी खोकलं की मला झोप लागायची.

आता शटरच्या पलीकडं टायर आहेत. ते खोकत नाहीत.

तर भगवानराव चहा पीत बसले होते. तुमच्या खुर्चीवर बसले नाहीत, पालथ्या डब्यावर बसले. खुंटीकडं बोट करून म्हणाले, "मग काकू, आपलं मऊच ठरलं ना?"

मी म्हटलं, "ठरलं कुठं? त्यांचं कडक होतं."

"काका तर तुमच्याच बाजूनं होते."

मला वाटलं, मेलेल्या माणसाविषयी गोड बोलतात तसं बोलून राहिले. मी म्हटलं, "भगवानराव, खोटं बोलायची गरज न्हाई. ते गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मी भाकरी खाल्ली हाय, मी खचले न्हाई."

"शप्पथ काकू. हळदवाल्याची माफी मागायला आमी दोघं गेलतो ना, दुसऱ्या दिवशी? येताना काका मनले, वहिनी म्हणतेत तेच टाका. उजव्यानं बराबर धरलं. मी मनलो, मंग दुकानात कडक कडक काहून करता? तर मनले, मी व्हय म्हणलो की त्या दिवसभर गप बसतेत."

मी त्यांचा कप उचलून आत गेले. कप धुतला. धुतलेला परत धुतला.

रडू आलं नाही. राग आला, भाऊजी. अजून आहे. एक हो ऐकायला मी होळीपासून बसले होते, आणि ते हो तुम्ही वसमतच्या रोडवर एका अडत्याला देऊन आले. मला का नाही सांगितलं? मी गप बसते म्हणून? मी गप बसायचे कारण तुमचं हो आलं की पुढं काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. तुम्हालाही सुचत नसेल. मग भांडण काढायचं. दोघं वाद घालत राहिलो, कारण तेवढा वेळ समोरासमोर बसता येत होतं. एवढं साधं होतं तर.

आणि मग दुसरा विचार आला, तो आला नसता तर बरं झालं असतं. टायरचं हो तुम्ही बाहेर सांगून आले. मग त्या वेळचं? लिंबाखालून उठून ती माणसं चालली तेव्हा तुम्ही त्यांच्यासंगं वेशीपर्यंत गेला होता. मी दारातून पाहिलं होतं. तिथं कोणाला काही बोलले होते का? बोलले असाल तर त्यातला एकही आता जिवंत नाही. कोणाकडं जाऊन विचारू? आणि बोलले नसाल, तर तेही विचारायला तुम्हीच पाहिजे होता.

राहिलं ते. याचं उत्तर मिळणार नाही, हे मला समजतं. मी काही लेकरू नाही.

बाहेर आले आणि रफिकला हाक मारली. तुम्ही गेल्यापासून तो रोज सकाळी येऊन विचारायचा, "भाभी, शटर उठाऊं?" आणि मी नको म्हणून मान हलवायचे. त्या दिवशी म्हटलं, "उघड." शटर गंजलं नव्हतं, पण आवाज असा झाला की समोरच्या हॉटेलातले लोक उठून पाहायला लागले. आत रबराचा वास कोंडला होता. तुमचं गेज टेबलावर, पुसलेलं.

नांदेडला फोन मीच लावला. आजवर फोनवर तुम्ही बोलायचे आणि मी मागून मापाचा आकडा सांगायचे. तो व्यापारी म्हणाला, "काका द्या ना जरा." मी म्हटलं, "काका गेले. मऊ आणखी दोन पाठवा, आन तारीख जुनी असली तर परत पाठवीन." त्यानं आकडा विचारला. मी सांगितला. दुसऱ्या दिवशी टायर आले.

रफिकनं खुंटीवरचे माझे दोन खाली काढले. नक्षीच्या खाचांत हळद अजून तशीच होती, चेंगरून वाळून दगडासारखी झालेली. तो पेचकस हातात घेऊन माझ्याकडं पाहायला लागला. "भाभी, ही राहू द्यायची का? चाचाची..."

मी म्हटलं, "काढ. बॅलन्सिंग बिघडते."

त्यानं काढली. चारही चढले, बाणाची दिशा पुढं, चारही एकसारखे. भगवानराव चक्कर मारून आले. परत येऊन उतरले, एक पाय आधी, मग बाकीचं. म्हणाले, "काकू, चिटकून चालते." तोंड पोरासारखं झालं होतं. मी म्हटलं, "पावसात हळू चालवा, आन मेंढरं दिसली की पाय काढा. टायर देव न्हाई." ते गेले. दिगूला फोन करून सांगितलं, दुकान उघडलं आहे, जागा भाड्यानं द्यायची नाही. तो म्हणाला, "जेवलीस का?" हे पण तुमच्याकडूनच शिकला.

तुमचे दोन कडक खुंटीवर राहिले. परत पाठवायचे होते, पाठवले नाहीत. काल हिंगोलीचा एक माणूस आला. गाडी तशीच बुटकी, माप तेच, मागचे दोनच पाहिजे होते. त्यानं विचारलं, "मावशी, कोणता चांगला?"

मी मऊ म्हणायला तोंड उघडलं. पण समोरून कोणी कडक म्हणणार नव्हतं. एकाच बाजूचं सांगून माल गळ्यात मारणं आपल्या दुकानात कधी झालं नाही. मग मीच सांगितलं. डांबर पाघळते ते सांगितलं, गुळासारखं खरडते ते सांगितलं, गिट्टी, खड्डा, फुगा, सगळं. तुमच्याच शब्दांत, तुम्ही थांबायचे तिथं थांबून. मग माझं सांगितलं, मेंढरांचं.

तो म्हणाला, "दोन्हीकडून तुमीच बोलून राहिल्या, मावशी. तुमचं सोताचं काय म्हणणं?"

"माझं मऊ. पण कडकवाले आता न्हाईत, म्हणून त्यांचं भी मलाच सांगावं लागते."

त्यानं दोन्हींवर नख दाबून पाहिलं, डोकं खाजवलं, पुन्हा दाबलं.

त्यानं कडक घेतले, भाऊजी. मी दिवसभर गप होते.